दोर कुणाच्या हातात होता

३ जानेवारी

बारक्या,

माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, म्हणून हा कागद. माझं अक्षर बघून पाकीट तसंच टाकून देशील, म्हणून वरचा पत्ता आईकडून लिहून घेतला. तिने दोनदा खाडाखोड केली आहे, तेवढं चालवून घे.

तुझी मुलगी आमच्या अग्निशमन केंद्रात आली आहे, माझ्या हाताखाली. यात माझा काही संबंध नाही. तिच्या वसतिगृहाच्या बाईंनी नावं पाठवली, त्यात तिचं होतं, इतकंच.

वाट चुकलेल्या किंवा चुकायच्या बेतात असलेल्या पोरांसाठी आमच्या खात्याने हा उपक्रम काढला आहे. शनिवार-रविवार सकाळी ती येतात. होज पसरायचा, गुंडाळायचा, शिडी लावायची, धुराच्या खोलीतून भिंतीला हात लावत बाहेर यायचं. कल्पना अशी की ज्या पोराच्या हातात आजवर कुणी काचेचा पेलासुद्धा विश्वासाने दिला नाही, त्याच्या हातात पाण्याने टरारलेला होज द्यायचा. कागदोपत्री याला आत्मविश्वास वाढवणं म्हणतात. मी ड्रिल म्हणतो.

शेवटच्या दिवशी घरच्यांना बोलावतात. इतर ठिकाणी पोरं संचलन करतात आणि घरचे टाळ्या वाजवतात. आमच्याकडे तसं नाही. आमच्याकडे प्रत्येक पोर आपल्या घरच्या एका माणसाला ड्रिल टॉवरच्या वरच्या खिडकीतून दोराने खाली उतरवतं. ही पद्धत मी सुरू केली. साहेब आधी म्हणाले, "मास्तर, कुणी येणार नाही लटकायला." आले. एका पोराचा आजोबा तर दुसऱ्यांदा उतरवा म्हणून हट्ट धरून बसला.

तुझ्या मुलीसाठी तू यावंस, हे सांगायला लिहितो आहे.

आगीच्या अहवालाबद्दल हे पत्र नाही. पण तू तोच विषय काढशील म्हणून एकदाच. तुझ्या घराखालच्या दुकानाला आग लागली तेव्हा तू माझा हात धरून म्हणालास, "दादा, वायरिंगचं लिही. पोरीचं नाव राहील." आग दोन कोपऱ्यांत सुरू झाली होती. वायरिंगची आग एका वेळी दोन कोपऱ्यांत सुरू होत नाही. मी दिसलं ते लिहिलं. आजही तेच लिहीन.

तुझा,
दादा


१८ जानेवारी

बारक्या,

उत्तर नाही. आई म्हणते तू पत्र वाचलंस आणि परत पाकिटात घालून ठेवलंस. म्हणजे पोचलं.

पोरांनी तुझ्या मुलीचं नाव 'काडी' पाडलं आहे. अंगकाठीवरून की केलेल्या कामावरून, ते मी विचारलं नाही. ती हाकेला ओ देते. मला ती 'सर' म्हणते. मैदानावर ते बरोबरच आहे.

बॅचमध्ये एक 'रेडिओ' आहे. त्याचं तोंड फक्त धुराच्या खोलीत बंद असतं. काल होज गुंडाळताना त्यांचं बोलणं कानावर पडलं.

"तू काय केलंस गं?"

"दुकान पेटवलं."

"कुणाचं?"

"बापाचं."

"नशीबवान आहेस. माझ्या बापाचं पेटवायला काही नाहीच. का पेटवलंस पण?"

"शिलाई मशीनवर बसायचं नव्हतं."

"मग उठायचं ना!"

"उठले होते. परत बसवलं."

एवढंच. रेडिओ गप्प झाला, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट. मी पुढे काही खोदलं नाही. तुझी बायको गेल्यावर तू पोरीला शाळेतून काढून दुकानाच्या मागच्या खोलीत सोफ्याची कव्हरं शिवायला बसवलंस, हे मला माहीत होतं. तेव्हा मी बोललो नाही, आता बोलण्यात अर्थ नाही.

कामाचं सांगतो. होजच्या तोंडाला पितळी नळी असते, तिला आम्ही ब्रँच म्हणतो. पंपाचा दाब वाढला की ब्रँच हातात सापासारखी वळवळते, आणि नवा माणूस पहिल्यांदा काय करतो तर ती सोडून देतो. सुटलेली ब्रँच माणसाचा जबडा फोडते. रेडिओने सोडली. मी पंप बंद केला म्हणून त्याचे दात आहेत. नंतर तुझ्या मुलीची पाळी. दाब वाढला, पाय घसरले, ती मागे रेटली गेली. सोडेल असं वाटलं. तिने फतकल मारली, सरळ चिखलात, आणि ब्रँच मांडीत आवळून धरली. पाणी भलतीकडेच, साहेबांच्या गाडीवर. पण सोडली नाही.

हे पुस्तकात नाही. मी कुणाला शिकवलेलंही नाही. तिला नंतर सांगितलं की बसायचं नसतं, एक पाय मागे रोवायचा असतो. "बरं सर," म्हणाली. पुढच्या वेळी पाय रोवला.

शेवटचा दिवस १५ फेब्रुवारी. सकाळचा कार्यक्रम आहे. जुनी पँट घालून ये.

दादा


१ फेब्रुवारी

बारक्या,

आज एक गोष्ट झाली. तुला इतर कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेली बरी, कारण लोक ती हसत सांगतील.

माणूस खाली उतरवायला आम्ही खुर्चीगाठ वापरतो. एक वेढा काखेखालून, एक गुडघ्यांखालून, मध्ये गाठ. माणूस दोरात बसल्यासारखा उतरतो. मुख्यालयाचे तपासनीस साहेब आज आले होते. ओळीने सगळ्यांच्या गाठी हाताने चाचपत आले. तुझ्या मुलीपाशी थांबले.

"ही उलटी आहे."

"धरते सर," ती म्हणाली.

"धरते ते मलाही कळतंय. पण आरशात बघितल्यासारखी आहे. कुणी शिकवली?"

"कुणी नाही. येते."

मी पुढे जाऊन गाठ बघितली. ती माझी गाठ होती.

तुला सगळं सुरुवातीपासून सांगतो. मला या खात्यात कुणी काही शिकवलेलं नाही. मी गाड्या पुसायला लागलो होतो. जवानांचं ड्रिल चाललं की मी फडकं घेऊन समोर उभा राहायचो आणि बघून बघून हात चालवायचो. समोरून बघून शिकलो, म्हणून माझी गाठ उलटी बसली. धरते तितकीच घट्ट. माझ्या लक्षात आलं तोवर हात पक्के झाले होते. आता मी पोरांना शिकवतो तेव्हा ती माझ्या समोर उभी असतात, म्हणून त्यांची आपोआप सुलटी होते. इतकी वर्षं यात कुणाचं काही बिघडलं नाही आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तुझी मुलगी एकटीच माझ्यासारखी बांधते. म्हणजे ती समोर उभी राहून शिकलेली नाही. ती माझ्या मांडीवर बसून शिकली. तुमच्याकडे आलो की माझ्या बुटाच्या नाड्या सोडून हातात द्यायची आणि म्हणायची, "बाहुलीला खुर्ची कर." शाळेतही जात नव्हती तेव्हा. मी विसरून गेलो होतो. तिचे हात विसरले नव्हते.

तपासनीस साहेबांना म्हणालो, "माझी आहे ती."

"तुमची म्हणजे?"

"मी अशीच बांधतो."

त्यांनी मला सगळ्यांसमोर बांधून दाखवायला लावली. दाखवली. मग हसले, आमचे साहेब हसले, आणि रेडिओ तर हौदाच्या कठड्यावर पोट धरून बसला. आमचे साहेब म्हणाले, "मास्तर, पंधरा जणांच्या बॅचा काढल्यात तुम्ही, आणि स्वतःच उलटे?" तुझी मुलगी तेवढी हसली नाही. ती माझ्या हातांकडे बघत होती.

मुद्दा असा. अंधारात, धुरात गाठ बोटांनी तपासावी लागते. तपासणाऱ्याच्या बोटांना उलटी गाठ कळत नाही, म्हणून सगळ्यांनी एकसारखी बांधायची असा नियम आहे. नियम बरोबर आहे. तपासनीस साहेबांनी तिला सुलटी शिकायला सांगितलं. तासभर प्रयत्न केला, दर वेळी शेवटचा फेरा चुकत होता. अर्धवट सुलटी गाठ ही खरी धोक्याची. शेवटी ते म्हणाले, "असू दे. पण हिची तपासायची तुम्हीच. तुमचीच पिलावळ दिसतेय."

तेव्हा टॉवरवर तुझ्या गाठीला हात लावायला मी असणार. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे जिना चढून आल्यावर मला बघून परत फिरायला नको.

दादा


९ फेब्रुवारी

बारक्या,

आईने तुझा निरोप दिला. तिच्याच शब्दांत, कारण ती निरोपात पदरचं घालते आणि त्यातलं तुझं किती ते मला ठरवता येत नाही: "त्याला म्हणावं, मी काय पोतं आहे का, दोर बांधून सोडायला? पोतंच हवं असेल तर दुकानातून कापसाची दोन नेऊन टाक. आणि ज्या पोरीने झोपलेल्या घराखाली काडी लावली, तिच्या हातात मी जीव देऊ? हा माणूस शहाणा आहे की काय आहे?"

पोत्याचं खरं आहे. ज्यांच्या घरचं कुणी येत नाही, ती पोरं वाळू भरलेला डमी उतरवतात. वजन माणसाइतकंच. तुझ्या मुलीने काल येऊन सांगितलं, "सर, मी डमी घेते. बाबांना उंचीची भीती वाटते."

मी म्हटलं, "माहीत आहे. मी त्याला पेरूच्या झाडावरून उतरवलेलं आहे."

"रडले होते?"

"नाही," मी म्हणालो. तुझ्यासाठी खोटं बोललो. माझ्यासाठी हे सोपं नाही, हे तुला माहीत आहे.

आता दुसरं. पहिल्या पत्रात मी लिहिलं की तिच्या इथे येण्याशी माझा संबंध नाही. ते तसं नव्हतं. वसतिगृहाच्या बाईंकडे मी गेलो आणि तिचं नाव घाला म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, "तुमच्याच अहवालावरून आली ना ती इथे?" मी हो म्हटलं. त्यांनी नाव घातलं. लिहायचं कारण एवढंच की कागदावर चुकीचं राहू नये.

बाईंनी जे सांगितलं ते तुलाही सांगितलं असेल, पण तू ऐकतोस अर्धं. घरचं कुणी जबाबदारी घेणार असेल तर या महिन्याच्या अखेरीस तिला घरी पाठवता येईल. कुणी आलं नाही तर तिची रवानगी दुसऱ्या गावच्या मोठ्या संस्थेत, अठरा पूर्ण होईपर्यंत. मी चालेन का असं विचारलं. क्वार्टरमध्ये एकटा राहणारा, पाळ्यांची ड्यूटी करणारा माणूस चालत नाही. बाप असताना तर नाहीच.

तुझ्या भीतीबद्दल मी वाद घालणार नाही. तुझा डोळा लागत नाही, असं आई सांगते. आग मी तुझ्यापेक्षा जास्त पाहिली आहे. घाबरणाऱ्या माणसाला मी आजवर कधी 'घाबरू नको' म्हटलेलं नाही. पकड कुठे धरायची ते सांगतो. तेच तुला सांगतो: दोर दोन असतात. छातीवरचा दोर तिच्या हातात. पाठीवरचा, सुरक्षेचा, माझ्या हातात. तिच्यावर विश्वास नसेल तर पाठीवरच्या दोरावर ठेव. माझ्यावरही नसेल तर दोराच्या कंपनीवर ठेव. पण ये.

दादा


१६ फेब्रुवारी

बारक्या,

आलास. आल्याबद्दल आभार मानत नाही, तुझीच मुलगी आहे.

तू हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून फाटकातून निघून गेलास. ते खात्याचं आहे. आईबरोबर पाठवून दे.

आई सकाळीच येऊन गेली. तू घरी सांगितलंस म्हणे, "पोरीने मध्येच सोडलं होतं. दादाने धरलं, म्हणून वाचलो." शेजारच्या टेलरलाही हेच सांगितलंस. हे चुकीचं आहे. तू खाली लटकत होतास, तुला वरचं दिसणं शक्य नव्हतं. मी खिडकीत होतो. म्हणून झालं ते क्रमाने लिहितो.

गाठ तिने बांधली. तुझ्या काखेखालचा वेढा तिने दोनदा सोडून पुन्हा घेतला, ते तुला कळलं असेल. गाठीचा शेवटचा फेरा एकदाच घेतला. मी तपासली. बरोबर होती. तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "झालं का?" मी म्हटलं, "झालं." दीड वर्षात आपण बोललो ते एवढंच.

तू खिडकीच्या उंबऱ्यावरून पाय सोडलेस. दोर आत लोखंडी दांड्याला वेढे घेऊन तिच्या हातात होता. ती आत उभी, भिंतीकडे तोंड करून. तिला तू दिसत नव्हतास. तिला फक्त दोर कळत होता. वेग चांगला होता, एकसारखा. मग तू पहिल्या मजल्याच्या खिडकीपाशी आलास आणि खिडकीची कड दोन्ही हातांनी पकडलीस.

खाली साहेब ओरडत होते, "सोडा, सोडा हात!" ते तू ऐकलंस. वर काय चाललं होतं, ते ऐक.

उतरणाऱ्या माणसाने मध्येच काही पकडलं की दोरावरचं वजन जातं. दोर हलका होतो. शिकाऊ माणसाला वाटतं माणूस खाली पोचला, आणि तो दोर सोडत राहतो. खाली ढील जमा होत जाते. मग माणसाचे हात सुटले की तो त्या सगळ्या ढिलीइतका खाली कोसळतो. ही चूक मी अनुभवी जवानांकडून झालेली पाहिली आहे. मी तिला ओरडून सांगणार होतो. तोंड उघडण्याआधी तिचे हात थांबले होते.

"हलका झाला," ती म्हणाली. "पोचले?"

"नाही. खिडकी धरलीय."

तिने दोर मागे घेतला. हातावर हात टाकत, सगळी ढील, दोर पुन्हा तुझ्या छातीला लागेपर्यंत. आणि वेढा आवळून उभी राहिली, पाय मागे रोवून.

त्या वेळी मी माझा दोर हातात गोळा करत होतो. ओढून तुला थोडा उचलावा म्हणजे तुझे हात आपोआप सुटतील, असा विचार होता. तिने मान न वळवता सांगितलं:

"सर, तुम्ही ओढू नका. तुमचा दोर ताणला तर बाबांना वाटेल मी सोडलं."

मी ओढायला हवं होतं की नको यावर दोन मतं होऊ शकतात. मी ओढलं नाही. मुठीत धरलेला होता, पण सैल. खिडकीच्या उंबऱ्यावर त्याची वेटोळी पडली होती, ती खालून साहेबांनाही दिसली असतील. विचार त्यांना.

मग ती खिडकीच्या दिशेने मोठ्याने म्हणाली, "बाबा, हात दुखले की सोडा. घाई नाही." हे तुला ऐकू गेलं. तू वर बघितलंस.

ती तशीच उभी होती. किती वेळ ते मी मोजलं नाही, आणि मी सहसा मोजतो. तळहाताची कातडी सोलली होती, हातमोज्यातून. ते मला नंतर कळलं.

मग तू हात सोडलेस.

आता आठवून बघ. माझं ऐकू नकोस, टेलरचं ऐकू नकोस, स्वतःच्या अंगाला विचार. हात सोडलेस तेव्हा किती खाली गेलास? वीतभर? मी वरून बघत होतो, बोटभरही नाही. आणि आवळलं कुठे? पाठीत की छातीत? पाठीवरचा दोर माझा होता. त्याने तुला उतरताना एकदाही ओढलेलं नाही. तुझं सगळं वजन शेवटपर्यंत छातीवरच्या दोरावर होतं.

तुला तिने धरलं होतं. एकटीने. मी फक्त बघत होतो.

तू गेल्यावर तिने दोर गुंडाळून खुंटीला लावला. तू कुठे गेलास ते विचारलं नाही. रेडिओ म्हणाला, "काडे, तुझा बाप लय जड दिसतो गं." ती म्हणाली, "नाही. वाटतो तेवढा नाही."

बाई महिनाअखेरपर्यंत थांबणार आहेत. पुढे त्यांच्या हातात नाही.

दादा


२ मार्च

बारक्या,

हेल्मेट मिळालं. पट्टा तुटका नव्हता, आता आहे. असो.

तू शनिवारी वसतिगृहात गेलास, हे बाईंनी कळवलं. फाटकापाशी उभा राहिलास, आत आला नाहीस, आणि ती बॅग घेऊन आली तेव्हा "चल" एवढंच म्हणालास, असं त्या म्हणाल्या. त्यांना ते जरा कोरडं वाटलं. मी सांगितलं की आमच्या घरात हा मोठा शब्द आहे.

बाकीचं आईकडून कळलं. ती आज मुद्दाम चालत आली, गुडघे दुखत असताना, आणि पाणी प्यायच्या आधी सांगायला लागली. रविवारी सकाळी तू उठून ओट्यापाशी गेलास. काडेपेटी हातात घेतलीस. मग पोरीला हाक मारलीस, काडेपेटी तिच्या हातात दिलीस, म्हणालास, "चहा टाक," आणि बाहेरच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसलास. आई दारात उभी होती, तिला दोघेही दिसत होते. काडी ओढल्याचा आवाज झाला तेव्हा तू मागे वळलास का, असं मी विचारलं.

"नाही वळला," आई म्हणाली. "पण चहा येईपर्यंत श्वास घेतला असेल तर शपथ."

चहात साखर जास्त झाली होती म्हणे. तू प्यायलास.

तुमच्या शेगडीची नळी मी पाहिली होती तेव्हाच कडक झाली होती. नळीवर तारीख छापलेली असते, ती बघ. उलटून गेली असेल तर आजच बदलून घे. दोन्ही टोकांना क्लिप नवीन घाल, जुन्या वापरू नकोस, आणि बसवल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघ. तुला जमणार नाही. तिला सांग. तिला दाखवलेलं आहे.

तुझा,
दादा